निरोप आपल्या माणसाचा

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस पाणी बघायला जातो. आठवडाभर पाऊस लागून राहिला की पंचगंगा घाटाकडची आणि शिवाजी पुलाकडची वर्दळ वाढते. रेनकोट घातलेली माणसं, छत्र्या, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं. घाटावरची देवळं कुठवर बुडाली, जामदार क्लबपाशी पाणी आलं का, सुतारवाड्यातली माणसं हलवली का, हे ज्याला त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असतं. जुनी माणसं पुलाच्या कमानींकडे बघून "मच्छिंद्री झाली का?" असं विचारायची, म्हणजे पाणी कमानींवरच्या ठरलेल्या खुणेला टेकलं का. आता राजाराम बंधाऱ्यावरची पातळी फोनवर येते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे दोन आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. तरीही लोक जातातच. बघून येतात आणि गल्लीत आल्यावर सांगतात, "आत्ता बघून आलोय, कालच्यापेक्षा एक पायरी वर आहे."

ही सवय मला फार मोलाची वाटते. "मी बघून आलोय" असं म्हणणारा माणूस आपल्या शब्दाची जबाबदारी घेतो. कुठं उभा होता, किती वाजता, काय दिसलं, हे त्याला विचारता येतं. उद्या त्याचं बोलणं खोटं ठरलं तर गल्लीतच तोंड दाखवायचं असतं. माध्यम साक्षरता म्हणून जे काही आज शिकवायला हवं असं आपण म्हणतो, त्याचा निम्मा भाग या पाणी बघून येणाऱ्या माणसाकडे आधीपासून आहे. मग त्याच माणसाच्या हातात फोन आला की हे सगळं कुठं जातं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सतावतो आहे. मी शाळेत शिकवते, मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर मला तंत्रज्ञानापेक्षा नात्यांमध्ये जास्त सापडत गेलं.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो. पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यामुळे पुणे-बंगळूर रस्ता बंद होता, शहरात दूध, पेट्रोल, पिण्याचं पाणी सगळ्याची ओढाताण. त्या दिवसांत फोनने जीव वाचवले, हे आधी सांगायला हवं. कुठल्या घराच्या माळ्यावर म्हातारी माणसं अडकलीत, कुठं होडी हवी, कुठल्या गावात जनावरांना चारा नाही, हे निरोप माणसं रात्र रात्र जागून इकडून तिकडे पोचवत होती. अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांसाठी केलेलं ते काम विसरता येण्यासारखं नाही. म्हणून "सोशल मीडिया वाईट" असं सरसकट बोलणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण त्याच फोनवर, पुढच्या मोठ्या पुराच्या वेळी, २०२१ च्या जुलैत, आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज आला. शब्द साधारण असे: "राधानगरी धरणाचे सातही दरवाजे आत्ताच उघडलेत. दोन तासांत सगळं शहर पाण्याखाली जाणार. माझा मेहुणा इरिगेशनला आहे, त्याने स्वतः सांगितलंय. ताबडतोब घरं सोडा आणि हा मेसेज जास्तीत जास्त लोकांना पाठवा." खाली हात जोडलेली चित्रं, आणि सोबत एक ऑडिओ. बाई घाबऱ्या आवाजात तेच सांगत होती.

मेसेज नीट वाचला तर त्यात काय नाही हे पटकन दिसतं. तारीख नाही. वेळ नाही, फक्त "आत्ताच". पण हे "आत्ताच" कुणाचं? ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याचं, की ज्याने पाचव्या दिवशी पुढे ढकललं त्याचं? मेहुणा आहे, पण कुणाचा ते नाही. आणि धरणाची माहिती असलेल्या माणसाने अशी वाक्यं लिहिलीच नसती. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपले आपण उघडतात आणि पातळी उतरली की आपले आपण मिटतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी भोगावती नदीत आणि पुढे पंचगंगेत येतं. तिथून निघालेलं पाणी शहरापर्यंत यायला कित्येक तास जातात. दरवाजे उघडणं म्हणजे धरण फुटणं नव्हे, पावसाळ्यात ते उघडतातच. हे सगळं इथल्या माणसाला थोडंफार ठाऊक असतं. पण रात्री अकरा वाजता, बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली आणि फोनवर ती घाबरी बाई बोलतेय, अशा वेळी ठाऊक असलेलं आठवत नाही.

अशा खोट्या हाकेचा खरा फटका शहरातल्या पक्क्या घरांना बसत नाही. तो प्रयाग चिखली आणि आंबेवाडीसारख्या नदीकाठच्या गावांना बसतो. तिथल्या माणसांना खरोखरच वेळेत घर सोडावं लागतं, जनावरं सोडवून, म्हाताऱ्यांना उचलून. खोटी हाक दोनदा आली की तिसऱ्या, खऱ्या हाकेला माणूस म्हणतो, "आता काय रोजचंच झालंय." अफवेची सर्वांत मोठी हानी मला हीच वाटते. खोटं पसरतं एवढंच नाही, खऱ्याची किंमतही उतरते.

तो मेसेज ग्रुपवर टाकला होता आमच्या थोरल्या अण्णांनी. अण्णा म्हणजे माझे मोठे चुलते. साखर कारखान्यात सगळी हयात काढलेला माणूस. गावात कुणाचं लग्न जुळवायचं असो, बांधाचं भांडण मिटवायचं असो, अण्णांच्या सोप्यावर बैठक व्हायची. त्यांच्या शब्दाला मान आहे आणि तो त्यांनी कमावलेला आहे. मेसेजनंतर पाचच मिनिटांत आमच्या चुलतभावाच्या मुलाने ग्रुपवर लिहिलं, "फेक आहे हे. अण्णा, काही बघत जावा तरी टाकायच्या आधी." पाठोपाठ कुणीतरी हसणारे चेहरे टाकले.

पोराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. पण त्या रात्रीनंतर अण्णा ग्रुपवर गप्प झाले. ग्रुप सोडला नाही, रागाचा एक शब्द लिहिला नाही, फक्त बोलायचे थांबले. सकाळचं ज्योतिबाचं दर्शन येईना, गावाकडच्या कुणाचं बरंवाईट कळेना, ऊस तुटला का, म्हैस व्याली का, काहीच नाही. ज्या धाग्याने पुण्या-मुंबईत गेलेली पोरं गावाला जोडलेली होती तो धागाच सैल पडला. आणि अण्णा पुढे ढकलायचे थांबले का? नाही. त्यांच्या वयाच्या माणसांचा दुसरा एक ग्रुप होता, तिथं ते सगळं तसंच चालू राहिलं. फरक इतकाच की आता तिथं "हे खरं का?" असं विचारणारं कुणी नव्हतं.

पाऊस ओसरल्यावर मी गावी गेले, त्यांच्याजवळ बसले. विषय त्यांनीच काढला. म्हणाले, "हे बघ, मला कळलं आणि मी कुणाला सांगितलं नाही, असं व्हाया नको. उद्या एखाद्याचं काही झालं तर मी स्वतःला काय सांगू? खोटं निघालं तर निघालं, चार शिव्या खाईन. पण खरं असतं तर?"

या वाक्यावर मी खूप विचार केला आहे. अण्णांना कुणाला फसवायचं नव्हतं, घाबरवायचं नव्हतं, लाइक मिळवायचे नव्हते. ते कर्तव्य म्हणून निरोप देत होते. गावात निरोप पोचवणं हे पुण्याचं काम मानलं जातं. कुणी गेलं की रातोरात सायकल मारून दहा गावांना कळवणारी माणसं आपण बघितली आहेत. खोटा मेसेज लिहिणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. "जास्तीत जास्त लोकांना पाठवा" हे वाक्य तो आपल्या चांगुलपणाला उद्देशून लिहितो. साखरेच्या पाकात बुडवलेल्या कडू गोळीसारखं खोटं आपल्या घरात येतं ते मायेत बुडवून, आपल्याच माणसाच्या हातून.

म्हणून "अडाणी लोक फॉरवर्ड करतात" हे म्हणणं मला पटत नाही. मी डॉक्टरांना, वकिलांना, माझ्या सहकारी शिक्षकांना असले मेसेज पाठवताना बघितलं आहे. डिग्री इथं कामाला येत नाही. खोटं ओळखायला शिकवणं हे सोपं काम आहे, ते एका तासात शिकवता येतं. आपल्या माणसाला त्याचा मान राखून "थांबा, हे तपासू या" असं सांगणं, आणि आपल्याला कुणी तसं सांगितलं तर ते ऐकून घेणं, हे अवघड आहे. माध्यम साक्षरतेच्या सगळ्या पुस्तिकांमध्ये पहिल्या भागावर पानंच्या पानं असतात. दुसऱ्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

हे किती जीवघेणं होऊ शकतं हे महाराष्ट्राने २०१८ मध्ये बघितलं. त्या वर्षी देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत पोरं खेळत आहेत, मोटरसायकलवरून दोघं येतात, एक मूल उचलतात आणि पसार होतात. बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा असाच. मुळात तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. मूळ चित्रफितीत पुढे तोच मोटरसायकलवाला परत येतो, मूल खाली ठेवतो आणि हातातला फलक कॅमेऱ्यासमोर धरतो: मूल पळवायला एक क्षण पुरतो, लक्ष ठेवा. कुणीतरी तो शेवट कापला. उरलेल्या भागात एकही फ्रेम खोटी नव्हती, फक्त शेवटचे काही सेकंद नव्हते. आणि तेवढ्याने काळजीपोटी बनवलेली चित्रफीत माणसं मारायचं कारण झाली.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवार, आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत तिथं पोचली होती. मुलं पळवणारे आलेत अशी आवई उठली आणि जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण गेले.

डवरी गोसावी आपल्याला परके नाहीत. डौर वाजवत दारात येणारी ही माणसं कोल्हापूरच्या गावागावांत पिढ्यान् पिढ्या फिरली आहेत. आमच्या आजीच्या दारातून कुणी रिकाम्या झोळीने गेलेलं मला आठवत नाही. झोळीत पसाभर ज्वारी घालणारे हात आणि दगड उचलणारे हात यांच्यामध्ये फक्त एक फॉरवर्ड असू शकतो, हे मला अजून सहन होत नाही. मारणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो मेसेज स्वतः वाचला होता आणि कितीजणांनी नुसता ऐकला होता, कोण जाणे. मेसेज पाठवणारे तर तिथं नव्हतेच. ते आपापल्या घरी होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना वाटत असणार की आपण लेकराबाळांच्या भल्यासाठीच पाठवलं.

त्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण यायला लागली. २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. हे दोन बाण आपल्याकडे किती जणांना माहीत आहेत? मी विचारते तेव्हा बरेच जण म्हणतात, "दोन बाण म्हणजे महत्त्वाचा असणार." खरं तर त्याचा अर्थ एवढाच की हा मेसेज अनेक हातांतून आलाय आणि लिहिणारा कोण, ते तुम्हाला पाठवणाऱ्यालाही माहीत असण्याची शक्यता नाही. मेसेज खरा की खोटा हे बाण सांगत नाहीत. कंपनीही मधे बसून वाचू शकत नाही, कारण ते संभाषण दोन टोकांमध्ये कुलूपबंद असतं. आत काय चाललंय हे बघू शकणारे फक्त त्या ग्रुपमधले लोक. म्हणजे आपणच.

कोल्हापूरने स्वतःच्या अंगणातही हे सोसलं आहे. ६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला हे शहर सकाळी दहा वाजता शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं होतं. गाड्या थांबल्या, दुकानदार दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. आणि जेमतेम वर्षभराने, ७ जून २०२३ ला, काही मुलांनी ठेवलेल्या आक्षेपार्ह स्टेटसवरून बंदची हाक दिली गेली, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. स्टेटस कुणी ठेवलं, का ठेवलं, त्याचं काय व्हायला हवं, हे बघायला कायदा आहे, पोलीस आहेत, न्यायालय आहे. मला त्यातली वेगळीच एक गोष्ट अस्वस्थ करते. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं आणि ते दिसतं ते ओळखीतल्या, नंबर साठवलेल्या माणसांना. शहराने जे पाहिलं ते स्क्रीनशॉट होते. ते पसरवणारे त्या मजकुराच्या बाजूचे नव्हते, विरोधातले होते. "बघा, किती चीड आणणारं आहे" असं म्हणत माणसं तेच घराघरात पोचवत राहिली. ज्या गोष्टीचा आपल्याला राग आहे तीच आपण सगळ्यांत जास्त वेळा दाखवतो. आणि दगड लागतो तो भलत्यालाच. त्या दिवशी पोटासाठी गाडा लावायला निघालेल्या माणसाला, रस्त्यात अडकलेल्या रिक्षावाल्याला.

रागाचं हे गणित फोनमधल्या कंपन्यांना चांगलं कळतं. आपण कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो हे मोजलं जातं आणि तशाच प्रकारचं आणखी वाढलं जातं. राग आला की माणूस थांबतो, कॉमेंट करतो, दुसऱ्याला पाठवतो. माझ्या फोनमध्ये दिसणारं कोल्हापूर आणि शेजारच्या पोराच्या फोनमध्ये दिसणारं कोल्हापूर ही दोन वेगळी शहरं आहेत. त्याला दिवसभर तलवारी, बुलेट आणि कुणाचा तरी अपमान दिसतो, मला रांगोळ्या आणि भाज्या. एकाच बोळात राहून आम्ही वेगवेगळी गावं बघतो.

आता कुणी म्हणेल, मग वर्तमानपत्र वाचा. मी तेच म्हणते, पण त्यालाही डोळे उघडे ठेवून वाचावं लागतं. बातमीच्या वेशात छापलेली जाहिरात ओळखता आली पाहिजे. २००९ च्या निवडणुकांनंतर महाराष्ट्रात पेड न्यूजचा विषय किती गाजला होता, हे माझ्या पिढीला आठवत असेल. छापलेलं म्हणजे खरं, हे कधीच पुरतं बरोबर नव्हतं. फरक एवढा की छापणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख कागदावर असते, जाऊन जाब विचारता येतो. या शहराला त्याची जुनी जाण आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. बाबासाहेबांनी १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' काढलं तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. ज्यांचं म्हणणं कुठंच छापलं जात नाही त्यांना छापायला जागा हवी, हे त्या राजाला समजत होतं. त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. लिहिता-वाचता येणं हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न नाही, संस्थानाचा प्रश्न आहे, असं त्यांनी मानलं होतं. आज फोनवरचं वाचता येणं हाही तसाच सगळ्यांचा प्रश्न आहे, असं मी मनापासून मानते. केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात लसीबद्दलच्या अफवांचा अनुभव आल्यावर प्रशासनाने सरकारी शाळांमध्ये खोट्या बातम्या ओळखायचे वर्ग घेतले होते. आपल्याकडे हे काम अजून एखाद्या हौशी शिक्षकावर सोडलेलं आहे.

पैशांच्या फसवणुकीबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्याची माहिती आता बरीच झाली आहे. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांना "डिजिटल अरेस्ट"चा फोन आला. व्हिडिओवर खाकी कपड्यातला माणूस, मागे भिंतीवर पोलिसांचं चिन्ह. तुमच्या आधार कार्डावर पार्सल पकडलंय, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, बायकोलाही सांगायचं नाही. बायको भाजी घेऊन आली, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हातातला फोन काढून बंद केला. भारतातल्या कुठल्याच कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट नाही. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर लगेच, त्याच मिनिटाला फोन करायचा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. मला यात लक्षात राहतं ते "कुणाला सांगू नका" हे वाक्य. अफवा म्हणते सगळ्यांना सांगा, भामटा म्हणतो कुणालाच सांगू नका. दोघांनाही एकच गोष्ट नको असते, ती म्हणजे तुम्ही शेजारच्या शहाण्या माणसाशी दोन मिनिटं शांतपणे बोलणं.

अण्णांकडे परत येते. त्यांच्याशी मी खरं-खोटं या शब्दांत बोललेच नाही. त्यांना एवढंच म्हटलं, "अण्णा, तुमच्या नावाने मेसेज आला की लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात. मग तुमचं नाव कोण वापरतंय ते बघायला नको का?" हे त्यांना लागलं. नावाची किंमत त्या पिढीला बरोबर समजते. मग आम्ही दोघांनी मिळून त्यांच्या फोनमधले काही मेसेज उघडून बघितले. पुराचा म्हणून आलेला एक फोटो दाबून धरून गुगल लेन्सवर शोधला तर तो भलत्याच राज्यातला, काही वर्षांपूर्वीचा निघाला. अण्णा बराच वेळ फोटोकडे बघत बसले. "पाणी सगळीकडे सारखंच दिसतंय की गं," म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाकडून येणारी पाणीपातळीची माहिती ते वेळेसकट टाकायला लागले. "सकाळी आठची पातळी" असं स्वतः टाइप करून. आयुर्वेदिक काढ्यांचे मेसेज मात्र अजून येतात, त्यावर आमची चर्चा चालू आहे. चुलतभावाच्या पोरानेही गावी जाऊन पाया पडून "चुकलं, असं सगळ्यांसमोर बोलायला नको होतं" म्हटलं. तेवढ्याने सगळं पूर्ववत झालं असं नाही, पण ज्योतिबाचा फोटो परत यायला लागला.

आमच्या शाळेत नववीच्या वर्गाबरोबर मी हे प्रयोग करते. मुलांनी घरच्या ग्रुपवरचा एक मेसेज वहीत उतरवून आणायचा, नंबर आणि नावं गाळून. मग वर्गात त्याला प्रश्न विचारायचे. हे सांगणारा तिथं होता का? हे कधीचं आहे? यात आपल्याला राग किंवा भीती कुठल्या शब्दाला वाटली, तो शब्द काढून वाक्य परत वाचलं तर काय उरतं? या शेवटच्या प्रश्नात मुलं रमतात. "धक्कादायक", "खळबळजनक", "झोपलेल्या हिंदूंनो", "मराठा असाल तर", "आई असाल तर" असे शब्द खडूने पुसले की फळ्यावर कधी कधी काहीच शिल्लक राहत नाही. खेळातून कळतं ते त्यांच्या लक्षात राहतं. चेहरा बदललेले, आवाज नक्कल केलेले व्हिडिओ ओळखायला मात्र डोळे आता पुरत नाहीत, हे मी त्यांना स्पष्ट सांगते. तिथं ओठ आणि बोटं निरखत बसण्यापेक्षा हे दुसरीकडे कुणी जबाबदार माणसाने सांगितलंय का, ते बघायचं.

गेल्या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "बाई, हे सगळं कळलं. पण पप्पांनीच पाठवलं असेल तर? मी परवा विचारलं, हे कुठनं आलं म्हणून. तर म्हणाले, तुला लई कळतंय व्हय, अभ्यास कर जा." वर्ग हसला नाही. निम्म्या पोरींनी माना हलवल्या, म्हणजे हे घरोघरी घडून गेलेलं होतं.

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, म्हणून प्रश्न वर्गापुढेच ठेवला. एक पोरगा म्हणाला, आईकडून सांगायचं. दुसरी म्हणाली, आई तरी कशी बोलणार, तिलाही तसंच म्हणतात. कुणी म्हणालं, आजोबांना विचारायचं, पप्पा त्यांचं ऐकतात. एकीने सांगितलं की ती "हे खोटं आहे" असं म्हणतच नाही, "पप्पा, मला शाळेत यावर लिहायचंय, हे कुणी सांगितलं ते शोधून द्या की" असं म्हणते, आणि पप्पा खरोखर शोधायला बसतात. त्यावर पहिली मुलगी म्हणाली, "पण हे मला नीट विचारता का येऊ नये?" यावर तास संपेपर्यंत वाद झाला, आणि घंटा झाल्यावरही चौघीजणी फळ्यापाशी भांडत उभ्या होत्या. शेवटी त्यांनीच ठरवलं की पुढच्या पालकसभेत दहा मिनिटं मागून घ्यायची, आणि पालकांना फोन काढायला लावून दोन बाणांचा अर्थ मुलींनीच सांगायचा. मुख्याध्यापकांना अर्ज त्यांनी लिहिलाय. त्या मुलीने स्वतःहून पहिल्यांदा बोलायला नाव दिलंय आणि पप्पांना सभेला यायचं पत्रही तिनेच दिलंय.